अमेरिकेचा विस्तार आणि समाजसुधारणा: १८०० ते १८५४ हा काळ एकाच नकाशावर कसा अभ्यासावा

नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये बसून जगाचा इतिहास वाचणारे बहुतेक विद्यार्थी अमेरिकन क्रांतीवरून थेट यादवी युद्धावर येतात आणि मधली पन्नास-साठ वर्षे तीन सुट्या टिपणांत गुंडाळतात: एक राष्ट्रीय सत्तेच्या वाढीचे, दुसरे पश्चिमेकडील विस्ताराचे आणि तिसरे समाजसुधारणांचे. पदवीच्या वर्षात मीही असेच वाचले होते. परीक्षेत सनावळ्या अचूक आल्या. पण चेरोकी या मूळनिवासी लोकांना ज्या जमिनीवरून हाकलले, तिथेच पुढे गुलामांच्या हातून कापूस पिकवला गेला, आणि त्या हकालपट्टीविरुद्ध अर्जांवर सह्या करणाऱ्या स्त्रियाच पुढे गुलामगिरीविरुद्धही उभ्या राहिल्या, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आता विद्यार्थ्यांना शिकवताना मी हा काळ तीन प्रकरणांत न मांडता एका नकाशावर मांडतो. ती पद्धत इथे देत आहे. रोज एक-दीड तास दिला तर पंधरा दिवसांत हे काम पूर्ण होते.

साहित्य आणि पहिला दिवस

एक मोठी ड्रॉइंग शीट, आलेखाचा एक कागद, ट्रेसिंग पेपर आणि तीन रंगांच्या पेन्सिली एवढेच साहित्य लागते. ॲटलासमधून अमेरिकेची बाह्यरेषा उतरवून घ्यावी आणि आरंभी तिच्यात फक्त दोनच गोष्टी काढाव्यात: पूर्वेकडील ॲपलाशियन पर्वतरांग आणि मधून दक्षिणेकडे वाहणारी मिसिसिपी नदी. १७८३ च्या तहानंतर नव्या राष्ट्राची पश्चिम सीमा ही नदीच होती. राज्यांच्या आजच्या सीमा काढण्याचा मोह टाळावा, कारण त्या आधी काढल्या की सारे काही पहिल्यापासून ठरलेलेच होते असा भास होतो आणि तो भास पुढचा अभ्यास बिघडवतो.

प्रदेश जोडताना चार प्रश्न

आता एकेक प्रदेश कालक्रमाने रंगवावा. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला घेतलेला लुईझियाना प्रदेश सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा होता, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास सातपट. त्यानंतर स्पेनशी १८१९ मध्ये झालेल्या करारातून फ्लोरिडा आला, १८४५ मध्ये टेक्सास सामील करून घेतले गेले, १८४६ मध्ये ब्रिटनशी तह होऊन ओरेगॉनची सीमा ४९ व्या अक्षांशावर ठरली आणि मेक्सिकोशी दोन वर्षे युद्ध झाल्यावर २ फेब्रुवारी १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियासह मोठा भूभाग हाती आला. या शेवटच्या भूभागापोटी मेक्सिकोला दिलेली रक्कमही दीड कोटी डॉलरच होती. तहावर सही होण्याच्या नऊ दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियात सटरच्या गिरणीजवळ सोने सापडले होते. पण तह करणाऱ्या दोन्ही पक्षांपर्यंत ती बातमी पोचलेली नव्हती.

प्रत्येक प्रदेशाच्या बाजूला चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हा प्रदेश कोणाकडून घेतला? पैसे देऊन, तह करून की लढून? तिथे आधी कोण राहत होते? आणि तिथे गुलामगिरी चालणार की नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात मिळतात. तिसरा प्रश्न बहुतेक टिपणांत गाळलेला असतो. चौथा प्रश्न मात्र या सगळ्या काळाचा कणा आहे, कारण प्रत्येक नव्या प्रदेशाबरोबर तो पुन्हा उभा राहिला. १८२० च्या मिसूरी तडजोडीने मिसूरीला गुलामगिरीचे राज्य म्हणून आणि मेनला मुक्त राज्य म्हणून प्रवेश दिला आणि लुईझियाना प्रदेशाच्या उरलेल्या भागात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी घातली. ही रेषा नकाशावर लाल पेन्सिलीने ठळक काढून ठेवावी. शेवटच्या दिवशी तिची गरज पडणार आहे.

‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ या शब्दप्रयोगाबद्दल इथेच सावध करतो. खंडभर पसरणे ही आपली ठरलेली नियती आहे, अशा अर्थाचे हे शब्द जॉन ओसुलिव्हन या पत्रकाराच्या नियतकालिकातून १८४५ मध्ये पुढे आले. तोवर लुईझियाना विकत घेऊन चार दशके उलटली होती आणि मूळनिवासींची हकालपट्टीही होऊन गेली होती. त्यामुळे विस्ताराचे कारण म्हणून हे शब्द पहिल्या ओळीत लिहिणारे उत्तर मला कच्चे वाटते. आधीपासून चाललेल्या व्यवहाराला उशिरा मिळालेले ते एक भारदस्त नाव होते. आधीची कारणे जमीन, कापूस आणि वाहतूक यांत शोधावीत.

आलेखाच्या कागदावर एक टाउनशिप

एक दिवस खास या कामासाठी राखावा. आलेखाच्या कागदावर सहा बाय सहा चौकटींचा चौरस काढावा. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील सरकारी जमीन याच पद्धतीने मोजायची ठरवली: सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिच्यात ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि सोळावा भाग शाळेसाठी राखीव. थोड्याच वर्षांत रूढ झालेल्या पद्धतीनुसार आकडे घालताना ईशान्येकडील कोपऱ्यापासून सुरुवात करून पश्चिमेकडे सहापर्यंत जावे, खालच्या ओळीत उलट पूर्वेकडे यावे, आणि शेतात नांगर जसा फिरतो तसे पुढे जात राहावे. सोळावा भाग तिसऱ्या ओळीत, जवळपास मधोमध येतो.

आता सोळाव्या भागात पिवळा रंग भरावा आणि दुसऱ्या एका भागाचे आठ सारखे तुकडे करावेत. त्यातला एक तुकडा ८० एकरांचा होतो. १८२० च्या कायद्याने जमिनीचा किमान दर एकरी सव्वा डॉलर झाला आणि कमीत कमी ८० एकर घेता येऊ लागले, म्हणजे रोख शंभर डॉलर हाती असलेला माणूस शेतमालक होऊ शकत होता. पूर्वेकडची कुटुंबे बैलगाड्या जुंपून का निघाली, याचे उत्तर या एका तुकड्यात आहे. सातबारा उताऱ्यावरच्या एका नावासाठी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली झटापट ज्याने पाहिली आहे, त्या विदर्भातल्या वाचकाला ते अधिक समजावण्याची गरज नाही. मात्र त्याच कागदाकडे पुन्हा पाहावे: तिथे आधी राहणाऱ्या माणसांसाठी या छत्तीस चौकटींत एकही चौकट नाही.

कापसाचा धागा

कापसाचे बोंड हातात घेऊन सरकी वेगळी करून पाहिलेला विद्यार्थी हा भाग लवकर समजतो. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असते आणि हाताने एका माणसाची दिवसाला जेमतेम पौंडभर रुई निघत असे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने दातेरी रुळाचे यंत्र केले आणि तेच काम पन्नासपट वेगाने होऊ लागले. यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट कमी झाले असतील, असे आपल्याला वाटते. झाले मात्र उलटे. सरकी काढणे सोपे झाल्यावर अडचण लावणी आणि वेचणीची उरली, त्यासाठी आणखी जमीन आणि आणखी गुलाम हवे झाले. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांवर गेली आणि त्या वर्षी कापसाच्या सुमारे चाळीस लाख गाठी निघाल्या.

नकाशावर जॉर्जियापासून अलाबामा, मिसिसिपीमार्गे टेक्सासपर्यंत कापसाचा पट्टा हिरव्या पेन्सिलीने भरावा. मग उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या सूतगिरण्यांवर एक खूण करावी. तिथे काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुली दक्षिणेतला हाच कापूस विणत होत्या आणि १८४० च्या दशकात कामाचा दिवस दहा तासांचा करावा म्हणून विधिमंडळाकडे अर्ज करत होत्या. उत्तर मुक्त आणि दक्षिण गुलामगिरीची, अशी सरळ रेघ ओढणाऱ्याने ही खूण विसरू नये.

सत्तेची वाढ आणि एक कालवा

केंद्र सरकार कसे बळकट झाले हा भाग थोडक्यात उरकता येतो. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचा १८०१ ते १८३५ हा कार्यकाळ, केंद्राचे कायदे राज्यांपेक्षा वरचढ ठरवणारा १८१९ चा मॅक्युलॉक आणि राज्याराज्यांमधल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार मानणारा १८२४ चा गिबन्स हे दोन निकाल, हेन्री क्ले यांची आयातकर, राष्ट्रीय बँक व अंतर्गत वाहतूक अशी तीनपदरी योजना, युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नयेत असे सांगणारे १८२३ चे मन्रो धोरण आणि १८३२-३३ मध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्राच्या आयातकराला दिलेले आव्हान, एवढे एका पानावर बसते.

ईरी कालव्यावर मात्र पूर्ण एक दिवस द्यावा. मार्च १८१७ मध्ये अध्यक्ष मॅडिसन यांनी रस्ते-कालव्यांना केंद्राचा पैसा देणारे विधेयक नाकारले, तेव्हा न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या बळावर त्याच वर्षीच्या ४ जुलैला खोदकाम सुरू केले. (नागपूरकरांना हे वर्ष लक्षात ठेवायला सोपे जाईल, त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली.) ३६३ मैलांचा हा कालवा १८२५ मध्ये पूर्ण झाला आणि बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल नेण्याचा खर्च सुमारे शंभर डॉलरवरून दहा डॉलरच्याही खाली आला.

आता कालव्याच्या रेषेवरची गावे पाहावीत. पिठाच्या गिरण्यांमुळे वाढलेल्या रॉचेस्टरमध्ये १८३०-३१ च्या हिवाळ्यात चार्ल्स फिनी यांच्या धर्मजागृतीच्या सभा भरल्या आणि माणूस स्वतःच्या प्रयत्नाने पाप सोडू शकतो, म्हणून समाजही सुधारू शकतो, ही शिकवण पसरली. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ मध्ये आपले वृत्तपत्र याच शहरातून काढले. तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावर, मुख्य कालव्याला जोडकालव्याने जोडलेल्या सेनेका फॉल्स या गावी १८४८ मध्ये स्त्रीहक्कांची परिषद भरली. कालव्याने धान्य नेले तशी माणसे, वृत्तपत्रे आणि प्रचारकही नेले. विद्यार्थ्यांनी नकाशावर ही गावे स्वतःच्या हाताने मांडली की सुधारणांचे प्रकरण वेगळे उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

चेरोकींचा आठवडा

पंधरा दिवसांपैकी सर्वाधिक वेळ मी इथे देतो. मूळनिवासी हा शब्द वापरायला हरकत नाही. पण उत्तरात शक्यतो त्या त्या समाजाचे नाव लिहावे: चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ, सेमिनोल. नाव लिहिले की माणसे दिसतात.

सेक्वोया या चेरोकी कारागिराने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी ऐंशीहून अधिक चिन्हांची लिपी पूर्ण केली. या लिपीत एका उच्चाराला एक चिन्ह असते. बाराखडी गिरवलेल्या मराठी माणसाला ही कल्पना रोमन लिपी वापरणाऱ्यांपेक्षा लवकर कळेल. थोड्या वर्षांत हजारो चेरोकी स्वभाषेत वाचू लागले. १८२७ मध्ये त्यांनी लिखित संविधान स्वीकारले आणि १८२८ मध्ये न्यू इकोटा या राजधानीतून स्वतःचे वृत्तपत्र सुरू केले. म्हणजे ‘सुधारलेले’ ठरण्यासाठी त्यांच्याकडून जे जे मागितले गेले, त्यातले बहुतेक त्यांनी करून दाखवले होते. पण जमीन कापसाच्या पट्ट्यात होती आणि १८२९ मध्ये जॉर्जियात सोनेही सापडले.

२८ मे १८३० च्या हकालपट्टीच्या कायद्यावर अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सही केली. प्रतिनिधिगृहातले मतदान वहीत मोठ्या आकड्यांत लिहावे: १०२ विरुद्ध ९७. पाच मतांचा फरक सांगतो की त्या काळातल्या अमेरिकनांनाही यात अन्याय दिसत होता आणि ‘तो काळच तसा होता’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. कायद्याविरुद्ध लेखमाला लिहिणारे जेरेमाया एव्हर्ट्‌स हे अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे सचिव होते, आणि कॅथरीन बीचर यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी देशभरातून अर्ज पाठवले. सार्वजनिक प्रश्नावर सही करण्याचा सराव अनेकींना इथे पहिल्यांदा झाला. तोच पुढे गुलामगिरीविरोधी अर्जांत उपयोगी पडला.

त्याच बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वुस्टर चेरोकींच्या प्रदेशात राहिले म्हणून जॉर्जियाने त्यांना तुरुंगात टाकले. १८३२ मध्ये मार्शल यांच्या न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीवर लागू नाहीत असा निकाल दिला, तरीही हकालपट्टी थांबली नाही. १८३५ मध्ये एका छोट्या गटाने न्यू इकोटा येथे तहावर सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकींनी तो नाकारला. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार लोकांना मिसिसिपीपलीकडे नेण्यात आले आणि त्यातले सुमारे चार हजार छावण्यांत व वाटेत मरण पावले. नकाशावर ही वाट जॉर्जियापासून आजच्या ओक्लाहोमापर्यंत तुटक रेषेने काढावी आणि मग तिच्या आरंभीच्या टोकावर आपण आधीच भरलेला हिरवा पट्टा पाहावा.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडतो. हेच अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये स्थापन झाले आणि त्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तेव्हाच्या अहमदनगरात सिंथिया फरार यांची मुलींची शाळा याच मिशनची, आणि ती पाहून जोतीराव फुले यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली. अमेरिकेतल्या सुधारणांची लाट आपल्याकडे पोचली ती अशा वाटेने.

१८४८ चा मजकूर शेजारी ठेवून वाचणे

सुधारकांच्या नावांची यादी पाठ करण्यापेक्षा एक मजकूर नीट वाचणे मला अधिक मोलाचे वाटते. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १९ व २० जुलै १८४८ रोजी सेनेका फॉल्समध्ये संमत झालेला जाहीरनामा, दोन्ही समोरासमोर ठेवावेत. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी जुन्या जाहीरनाम्याचा साचा तसाच ठेवून ‘सर्व पुरुष समान’ या ठिकाणी ‘सर्व पुरुष आणि स्त्रिया समान’ असे लिहिले आणि इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींच्या जागी पुरुषाविरुद्धच्या तक्रारी मांडल्या. एका कोऱ्या पानाचे दोन रकाने करून कोणत्या वाक्यात काय बदलले ते टिपावे. या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष अशा शंभर जणांनी सह्या केल्या, आणि मताधिकाराचा ठराव डगमगू लागला तेव्हा डग्लस यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झालेली होती. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

बाकीच्या चळवळी वहीच्या एका पानात बसतात: विल्यम लॉइड गॅरिसन यांचे १८३१ पासूनचे गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र ‘लिबरेटर’, १८३७ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मान यांचे सार्वजनिक शाळांचे काम, मनोरुग्णांच्या हालांविषयी डोरोथिया डिक्स यांचे १८४३ चे निवेदन आणि १८५१ चा मेन राज्याचा दारूबंदी कायदा.

उत्तर लिहिताना

‘विस्तारामुळे अमेरिका महान झाली व समाजसुधारणाही झाल्या’ अशी वाक्ये मला दरवर्षी तपासावी लागतात. या वाक्यात दोन गोष्टी नुसत्या शेजारी बसवल्या आहेत. एकीचा दुसरीशी संबंध सांगितलेला नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘१८३० च्या कायद्याने मोकळ्या केलेल्या जमिनीवर कापूस व गुलामगिरी पसरली, आणि त्या कायद्याविरुद्ध अर्ज करण्याचा अनुभव गुलामगिरीविरोधी व स्त्रीहक्कांच्या चळवळींना उपयोगी पडला.’ वाक्य लांब आहे, पण त्यात कारण, ठिकाण आणि परिणाम तिन्ही आहेत.

नागपूरशी तुलना करण्याची इच्छा होईल, आणि ती जपून करावी. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये हे राज्य खालसा केले. १८५३ च्याच डिसेंबरच्या ३० तारखेला दक्षिणेकडून रेल्वे नेता यावी म्हणून अमेरिकेने मेक्सिकोशी सुमारे तीस हजार चौरस मैलांच्या पट्टीचा करार केला. दोन्हीकडे कायद्याची भाषा वापरून भूमी घेतली गेली हे खरे. पण कंपनीला इथल्या रयतेकडून सारा हवा होता, म्हणून रयत जागेवर राहिली, तर अमेरिकेला रिकामी जमीन हवी होती, म्हणून माणसे हलवली गेली. हा फरक लिहिल्याशिवाय तुलना उत्तरात घेऊ नये.

शेवटच्या दिवशी ट्रेसिंग पेपर नकाशावर ठेवून १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा मांडावा. या कायद्याने आपण लाल पेन्सिलीने काढलेली ३६ अंश ३० मिनिटांची रेषा रद्द केली आणि गुलामगिरीचा निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांच्या मतावर सोडला. ट्रेसिंग पेपरवर ती रेषा काढूच नये. खालच्या शीटवर मात्र तशीच दिसू द्यावी. यादवी युद्धाचा अभ्यास सुरू करताना हीच शीट पुन्हा उघडावी आणि हिरव्या पट्ट्यापासून समुद्रापलीकडे एक बाण काढावा: १८६१ नंतर तिथला कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, वऱ्हाड-नागपूरकडच्या कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला येऊन पोचली.